दुर्बीण राहू द्या, आधी कॅमेऱ्याच्या खालचं बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत रात्रीच्या आकाशाचे फोटो कसे काढतात यावर लेख आला होता. लेख चांगलाच होता, वरचा रोझेट तेजोमेघाचा (तेजोमेघ म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग) फोटो तर एक नंबर, पण खाली चौकटीत सामानाची जी यादी दिली होती ना, ती वाचून आमच्या वर्कशॉपवर संध्याकाळी येऊन बसणाऱ्या पोरांचे चेहरेच उतरले. कूल्ड कॅमेरा, ऍपोक्रोमॅटिक दुर्बीण, मोटरवाला इक्वेटोरियल माउंट, गायडिंगला अजून एक वेगळा कॅमेरा आणि हे सगळं चालवायला लॅपटॉप. पोरांनी मोबाईलवर बेरीज केली, तीन लाखाच्या पुढे गेली. "काका, हे आपलं काम नाही" म्हणून मोकळे झाले. आणि गंमत बघा, त्याच अंकात मागच्या पानावर जाहिरात, ५२५ पट मोठं दाखवणारी दुर्बीण, शनीची कडी घरबसल्या बघा, चार हजारात एक रुपया कमी. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की एक तर तीन लाख घाला नाहीतर चार हजारात खेळणं घ्या, मधलं काही नाहीच. त्यातल्या एकाने ती चार हजारवाली मागवली सुद्धा. म्हणून हे पत्र लिहितोय. लांबणार आहे, कापायचं तिथे कापा पण आकडे तेवढे कापू नका.

माझं संगमनेरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, शटर, शेड हे आमचं पोटापाण्याचं काम आणि आकाशाचे फोटो हा नाद. तर मला एवढंच सांगायचंय की नवशिक्याने पैसे कॅमेऱ्याच्या खाली घालावेत, कॅमेऱ्याच्या पुढे नाही. खाली म्हणजे ट्रायपॉड, आणि पृथ्वी फिरते त्याच्याशी जुळवून घेणारं जे काही असेल ते. दुर्बीण, भारी लेन्स, फिल्टर हे सगळं पुढचं, ते नंतर आलं तरी काही बिघडत नाही.

आता लोकांना वाटतं की तारे लांब आहेत म्हणजे मोठं करून दाखवणारं काहीतरी पाहिजे. चंद्र आणि ग्रहांपुरतं ते ठीक आहे. पण देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) घ्या, २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, आणि तरी आपल्या आकाशात ती साधारण तीन अंश पसरलेली आहे. पौर्णिमेचा चंद्र अर्धा अंश. म्हणजे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर तेवढी लांब! आपल्याला दिसत नाही कारण ती अंधुक आहे, लहान आहे म्हणून नाही. मृगातला तेजोमेघ, तो सुद्धा दोन चंद्रांएवढा रुंद. यांना मोठं करायची गरजच नाही, यांचा उजेड गोळा करायची गरज आहे, आणि उजेड गोळा करायचा म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. आणि नेमकं तिथेच घोडं अडतं कारण पृथ्वी काही थांबत नाही.

आकाश दर दोन मिनिटाला चंद्राच्या रुंदीएवढं सरकतं. साध्या डोळ्यांना जाणवत नाही पण तुम्ही जेवढं मोठं करून बघाल तेवढं ते सरकणं पण मोठं होतं. त्या ५२५ पटवाल्या दुर्बिणीत खरंच ५२५ पट लावलं तर शनी वीस-पंचवीस सेकंदात या टोकाकडून त्या टोकाला जाऊन बाहेर. तिथे फोटो काढणं म्हणजे चालत्या बैलगाडीत बसून सुईत दोरा ओवणं. शिवाय ते ५२५ हा आकडाच फसवा आहे, दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, त्याच्या वर मोठं केलं तर नुसतं धुरकट दिसतं, जास्त काही दिसत नाही. ६० मिलिमीटरचं भिंग असेल तर १२० पट, बस. बाकीचे चारशे पट खोक्यावर छापण्यापुरते. पोराला मी सांगितलं, चंद्र बघ, गुरूचे चार उपग्रह बघ, मजा येईल, पण फोटोचं विसर, ते तीन पाय बघ कसे लटपटतायत.

शटर किती वेळ उघडं ठेवता येतं याचा एक सोपा हिशोब आहे, ५०० चा नियम म्हणतात त्याला. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा) भागायचं, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) लहान असेल, म्हणजे आपले स्वस्तातले सगळे डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे कॅमेरे), तर कॅननला अजून १.६ ने आणि निकॉनला १.५ ने भागायचं. १८ मिलिमीटरची लेन्स कॅननवर असेल तर सतरा सेकंद येतात. ५० मिलिमीटरला सहा सेकंद. २०० मिलिमीटरला दीड सेकंद! त्याच्या वर गेलात की ताऱ्यांच्या रेघा झाल्या. आणि खरं सांगायचं तर हा नियम फिल्मच्या जमान्यातला, २४ मेगापिक्सेलवर झूम करून बघितलं की सतरा सेकंदाला पण तारे लांबुळके दिसतात, म्हणून मी ५०० च्या जागी ३०० धरतो. आता बघा, तुम्ही चाळीस हजाराची २०० मिलिमीटरची लेन्स आणली आणि खाली साधा ट्रायपॉड, तर तुम्हाला एका फोटोला सेकंदभराचा उजेड मिळणार. तीच जुनी ५० मिलिमीटरची लेन्स पण खाली आकाशाबरोबर फिरणारं काहीतरी, तर दोन मिनिटांचा उजेड.

सुरुवात मोबाईलपासून करा, यात कमीपणा काही नाही. आजकाल बऱ्याच फोनमध्ये प्रो मोड असतो, त्यात १५-२० सेकंद शटर उघडं ठेवता येतं, आयएसओ (उजेडाला किती दाद द्यायची तो आकडा) १६०० च्या आसपास, फोकस इन्फिनिटीला, टायमर ३ सेकंद म्हणजे बोट लावल्याचा हादरा बसत नाही. गूगलच्या पिक्सेलमध्ये तर २०१९ च्या पिक्सेल ४ पासून खास आकाशासाठीचा मोड आहे, तो चार मिनिटांपर्यंत बरेच फोटो घेऊन आपला आपण जोडतो. दोनशे-तीनशे रुपयांचा मोबाईल क्लॅम्प आणि एक ट्रायपॉड एवढाच खर्च. मृगाचा पूर्ण आकार, व्याध, रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका, वृश्चिकाचा आकडा हे सगळं येतं, आणि गावाबाहेर अंधारात गेलात तर आकाशगंगेचा पट्टा पण येतो, हो फोनमध्ये. चंद्राचा पाहिजे असेल तर कोणाच्या तरी दुर्बिणीच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) फोन लावून काढा. हे महिना दोन महिने करा. रात्री अडीचला उठून थंडीत उभं राहायचा कंटाळा येत असेल तर तो इथेच कळतो, पैसे घालायच्या आधी.

मग कॅमेरा. नवा घेऊ नका. लोक मिररलेसकडे (आतला आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) पळतायत त्यामुळे जुने डीएसएलआर स्वस्त झालेत, कॅनन १२००डी, १३००डी, निकॉन डी३३००, डी५३०० हे सगळे आकाशाला पुरून उरतात, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येणारी साधी लेन्स) धरून पंधरा-वीस हजारांच्या आत बसवता येतात. त्यातल्या त्यात डी५३०० मिळाला तर बघा, त्यात ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायची सोय आतच आहे, बाकीच्यांना हजारभर रुपयांचा इंटरव्हलोमीटर रिमोट वेगळा लागतो. मुंबईत फोर्टातल्या दुकानांत फिरा, पुण्यात फिरा, किंवा ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा, त्यांच्याकडे कपाटात पडलेले असतात. फक्त फोटोग्राफरचा कॅमेरा म्हटलं की शटर काउंट विचारा, लाखभर फोटो काढून झालेला असेल तर भाव पाडून मागा.

घेताना काय बघायचं ते सांगतो कारण दुकानदार तुम्हाला स्क्रीनवर स्वतःचा एखादा फोटो काढून दाखवेल, "बघा कसा क्लिअर येतोय", त्याला काही अर्थ नाही. लेन्सला झाकण लावा, मॅन्युअल मोडवर ३० सेकंद, आयएसओ १६००, आणि काढा फोटो. काळाकुट्ट यायला पाहिजे. मग झूम करून सगळीकडे फिरवा. दहा-वीस लाल निळे ठिपके दिसतील, ते चालतात, ते नंतर काढता येतात, पण ठिपक्यांचा सडा पडलेला असेल किंवा एका कोपऱ्यातून जांभळट उजेड येत असेल तर सोडून द्या. दुसरं म्हणजे लेन्स. लेन्स काढून मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लेन्सला हे हमखास, आपल्याकडे देशावर जरा कमी पण पावसाळ्यात बॅगेत बंद करून ठेवलेली असेल तर इथे पण धरते. बुरशीवाली लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. आणि स्वतःची घेतली की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, त्यासाठी महागडं ड्राय कॅबिनेट लागत नाही, किराणा भरायचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा चालतो. तिसरं, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य) चालतो का आणि त्यात दहा पट झूम होतं का ते बघा, कारण रात्री फोकस तिथेच करायचा असतो, व्याध किंवा अभिजितसारखा ठळक तारा स्क्रीनवर आणायचा, पूर्ण झूम करायचं आणि रिंग इकडे तिकडे करत तो बारीकात बारीक ठिपका होईल तिथे थांबायचं, मग रिंगला चिकटपट्टी लावून टाकायची. ऑटोफोकस बंद.

लेन्समध्ये एकच नाव घेतो, ५० मिलिमीटर एफ १.८ (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं). कॅननची असो निकॉनची असो, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची. किट लेन्स ५० ला आणली की तिचं तोंड एफ ५.६ च्या आसपास उघडतं, ही १.८ ला उघडते, म्हणजे उजेड जवळजवळ दहा पट. पूर्ण उघडी ठेवली तर कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दिसतात म्हणून २.८ ला ठेवायची, तरी चौपट उजेड मिळतो. निकॉनवाल्यांना अजून एक फायदा, जुनी एएफ-डी प्रकारची ५० मिलिमीटर लेन्स डी३३०० आणि डी५३०० वर ऑटोफोकस होत नाही म्हणून लोक ती घेत नाहीत, स्वस्तात जाते. आपल्याला कुठे ऑटोफोकस पाहिजे. कॅननवाल्यांनी जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या आट्यावाल्या लेन्स बघाव्यात, हेलिओस वगैरे, एक साधी रिंग लावली की बसतात. निकॉनवर त्या बसल्या तरी इन्फिनिटीला फोकस होत नाही तेव्हा तिथे फसू नका.

कोणी म्हणेल की कॅमेरा मॉडिफाय करून घ्या. ते काय आहे तर सेन्सरच्या पुढे एक फिल्टर असतो तो गडद लाल रंग बराचसा अडवतो, आणि हायड्रोजनचा उजेड नेमका त्याच लालात, ६५६ नॅनोमीटरला येतो. तुमच्या लेखातला रोझेट लालभडक आला तो असल्या अडवणुकीशिवायच्या कॅमेऱ्यामुळे. पण मृगातला तेजोमेघ, देवयानी, कृत्तिका, आकाशगंगेचा मध्य हे सगळं साध्या कॅमेऱ्यात छान येतं, पहिलं एक वर्ष तरी त्या फिल्टरला हात लावायची गरज नाही.

आता माझ्या आवडीचा विषय, ट्रायपॉड. बाजारात हजार-बाराशेला जो मिळतो, मधला दांडा वर खाली होणारा आणि कॅमेरा आडवा फिरवायला लांब हँडलवाला, तो व्हिडिओसाठी आहे. त्याचे पाय पत्र्याचे, सांधे प्लास्टिकचे. वाऱ्याची झुळूक आली की फोटो हलला. घ्यायचाच असेल तर तीन-चार हजाराचा बॉल हेडवाला घ्या, पाय पूर्ण लांबवू नका, मधला दांडा तर अजिबात वर काढू नका, आणि खालच्या हुकाला पिशवीत दगड भरून लटकवा. याहून भारी गोष्ट सांगू का? जमीन मोजणीवाले वापरतात ते जुनं लाकडी तिकाटणं भंगारात किंवा सर्व्हे इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळतं. त्यावर माणूस बसला तरी हलत नाही. वरचा बोल्ट ५/८ इंचाचा असतो आणि कॅमेऱ्याला लागतो १/४ इंचाचा, तेव्हा १० मिलिमीटरच्या पट्टीचा एक तुकडा कापून त्यात एकीकडे तो आणि दुसरीकडे हा आटा पाडून घ्यायचा, कुठल्याही लेथवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम.

आणि या तिकाटण्यावर बसवायचा बार्न डोअर ट्रॅकर. हा विकत घ्यायचा नसतो, करायचा असतो. दोन फळ्या, एका कडेला बिजागरीने जोडलेल्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या. खालची फळी तिकाटण्यावर पक्की, वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीची पिन ध्रुवताऱ्याकडे रोखायची, आणि वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत न्यायची, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरतो. उघडायला एक आट्याचा रॉड. यातली सगळी जादू त्या रॉडच्या जागेत आहे. एम ६ चा रॉड घेतला तर त्याचा एक आटा १ मिलिमीटरचा, म्हणजे मिनिटाला एक फेरा दिला की फळी मिनिटाला १ मिलिमीटर वर उचलते. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशोबाने २३ तास ५६ मिनिटांत एक चक्कर मारते, म्हणजे १४३६ मिनिटं. १४३६ ला २π (दोन गुणिले ३.१४१६) म्हणजे ६.२८३ ने भागा, २२८.५ येतात. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंत २२८.५ मिलिमीटर. एम ८ चा रॉड असेल तर आटा १.२५ चा, मग २८५.६. हे माप टेपने नाही, व्हर्नियर नाहीतर चांगल्या स्टीलच्या पट्टीने घ्या, एक मिलिमीटर इकडे तिकडे झालं तर ५० च्या लेन्सला चालतं पण उगाच चुकवायचं कशाला.

बिजागरी मात्र दरवाजाची साधी घेऊ नका, ती ढिली असते, हातात धरून हलवून बघा, पिन खुळखुळली तर दुसरी. पियानो बिजागरी म्हणून लांब पट्टीची मिळते ती घ्या, फर्निचरवाल्यांना माहीत असते. रॉडच्या टोकाला एक गोल चकती लावा, बाटलीचं झाकण पण चालेल, त्यावर चार खुणा करा, आणि घड्याळाकडे बघत दर १५ सेकंदाला पाव फेरा द्या. हाताने. दोन मिनिटांचा फोटो असेल तर आठ वेळा. मोटर पाहिजे असेल त्यांनी पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन छोटी स्टेपर मोटर आणि ती चालवणारा आर्डुइनो बोर्ड घ्यावा, पण आधी हाताने करून बघा, ५० च्या लेन्सला हातच पुरतो. सरळ रॉड असल्यामुळे फळी जास्त उघडली की चूक वाढत जाते, दहा मिनिटांपर्यंत ती धरण्यासारखी नसते, तेव्हा दहा मिनिटं झाली की फळी मिटवून परत पहिल्यापासून. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की बिजागरी डाव्या हाताला आणि उघडणारी बाजू उजव्या हाताला आली पाहिजे, उलटं केलं तर तारे दुप्पट लांब होतील.

ध्रुवतारा शोधायची आपल्याकडे एक अडचण आहे. तो जेवढे आपले अक्षांश तेवढाच वर असतो, संगमनेरला साडेएकोणीस अंश, पुण्याला साडेअठरा, म्हणजे खालीच. समोर डोंगर असला, धूर असला किंवा हायवेचा उजेड असला की गायब. अशा वेळी होकायंत्र. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक एक अंशाच्या आतच आहे, तेव्हा मोबाईलच्या कंपासने उत्तर धरायची आणि मोबाईलच्याच लेव्हलने पिनेला अक्षांशाएवढा चढ द्यायचा, फक्त फोन लोखंडापासून लांब धरा. तारा दिसत असेल तर बिजागरीच्या कडेला रिकाम्या बॉलपेनची नळी चिकटवा, नळीतून ध्रुव दिसला की काम झालं. या सगळ्याचा खर्च फळ्या धरून हजाराच्या आत. पत्र्याचा करा, ऍल्युमिनियमचा करा, तुमची मर्जी.

यावर मन रमलं, पुढे जायचंय असं वाटलं तर विकतचा ट्रॅकर आहेच, स्काय-वॉचर स्टार ऍडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉन, चाळीस हजारांच्या मागेपुढे सुरुवात होते, त्यावर १३५ किंवा २०० ची लेन्स लावून देवयानी अशी येते की घरचे लोक इंटरनेटवरचा फोटो आहे म्हणतात. आता नवीन स्मार्ट दुर्बिणी पण आल्यात, सीस्टार एस ५० वगैरे, चालू करा, मोबाईलवर तेजोमेघाचं नाव निवडा, ती स्वतःच शोधते, स्वतःच फोटो जोडते. शाळेला, मंडळाला घ्यायला उत्तम, पन्नास पोरांना एका रात्रीत दाखवता येतं. ज्याला हे शिकायचंय त्याने आधी ती घेऊ नये असं माझं मत आहे, कारण शिकायचं सगळं ती करून टाकते, आपण नुसतं बघत बसायचं.

सॉफ्टवेअरला एक रुपया घालू नका. सिरिल, डीपस्काय स्टॅकर, सिक्वेटर, गिम्प, सगळं फुकट. एकच दृश्य शंभर वेळा काढायचं, रॉ फॉरमॅटमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली फाइल), आणि सॉफ्टवेअरला जोडायला द्यायचं. सोळा फोटो जोडले की कचरा (फोटोतले दाणे) चौपट कमी होतो, शंभर जोडले की दहा पट, म्हणजे वर्गमूळाच्या हिशोबाने. शेवटी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीसेक काळे फोटो घ्यायला विसरू नका, ते लाल निळे ठिपके त्यांनीच जातात.

आणि मुख्य म्हणजे आपलं आकाश. परदेशातल्या व्हिडिओत सांगतात तसं सामान आणि सीझन इकडे चालत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कॅमेरा डब्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने हवा धुतलेली असते तेव्हा देवयानी. डिसेंबर ते फेब्रुवारी मृग, आणि १३-१४ डिसेंबरला मिथुनेतला उल्कावर्षाव. मार्चपासून पहाटे आकाशगंगेचा मध्य उगवतो, मे मध्ये रात्री अकरा-बारालाच वर येतो. याबाबतीत आपण नशीबवान आहोत, तो मध्य इथून बेचाळीस अंशांपर्यंत चढतो, लंडनमध्ये जेमतेम नऊ-दहा अंश. थंडीत लेन्सवर दव बसतं, त्यावर हात शेकायच्या पुड्या मिळतात त्या रबराने लेन्सभोवती बांधा, विजेवरचा हीटर लगेच नको.

अंधार मात्र विकत मिळत नाही, पेट्रोल घालून गाठावा लागतो. आम्ही भंडारदऱ्याकडे जातो, फक्त मे अखेरीपासून काजवे बघायला गाड्यांची रांग लागते तेव्हा हेडलाइटमुळे फोटोची वाट. विदर्भातल्यांना पेंच आहे, २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झालंय. आमच्याकडे, म्हणजे संगमनेर, अकोले, जुन्नर पट्ट्यात, उसाच्या कडेला बसू नका, बिबट्या असतो, हे मस्करीत सांगत नाहीये. चौघं-पाच जण मिळून जा आणि पाठीला पाठ लावून बसा. आणि काहीही घ्यायच्या आधी पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, १९४४ पासून चालू आहे, किंवा मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम, तिथे एक रात्र घालवा, दुसऱ्यांचं सामान हाताळा, लोक प्रेमाने दाखवतात.

तर संपादक साहेब, दोन विनंत्या. एक, पुढच्या वेळी तीन लाखांच्या यादीशेजारी अजून एक चौकट द्या, जुना डीएसएलआर पंधरा-अठरा हजार, जुनी ५० ची लेन्स पाच-सहा हजार, ट्रायपॉड तीन-चार हजार, रिमोट हजार, फळ्यांचा ट्रॅकर हजार, म्हणजे तीस हजाराच्या आत. दोन, तुमच्या रोजच्या पंचांगाच्या चौकटीत तुम्ही सूर्योदय, सूर्यास्त, तिथी छापता, त्यात चंद्रोदय आणि चंद्रास्ताची वेळ पण टाका, चंद्र नसलेल्या वेळा कळल्या की आम्हा लोकांना तेवढ्यावर आख्खा महिना ठरवता येतो. जाहिरातीचं बघा काय करता येतं ते, जाहिरातीवरच पेपर चालतो हे मला कळतं, पण त्या ५२५ खाली भिंगाचा व्यास छापायला तरी सांगा त्यांना.

कळावे,
आपला एक वाचक, संगमनेर

ता.क. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, खग्रास स्पेन, इजिप्तकडे, आपल्याकडे खंडग्रास. ऐन पावसाळा, दिसेल न दिसेल, पण त्याच्या आधी बाजारात काहीबाही फिल्टर येतील. सूर्याचा फिल्टर लेन्सच्या किंवा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावायचा असतो, त्या चार हजारवाल्या दुर्बिणीबरोबर आयपीसमध्ये बसवायचा काळा काचेचा तुकडा आला असेल तर तो फेकून द्या, तापून तडकतो आणि डोळा जातो. एक्स-रेची फिल्म पण चालत नाही. एवढं तरी नक्की छापा.